कोपरवाली कुठल्या कोपरची?

आमच्या पट्ट्यात आडनावावरून माणूस सापडत नाही. ठाणे, पनवेल, उरण इथल्या आगरी-कोळी गावांत पाटील, म्हात्रे, ठाकूर, घरत, भोईर, कोळी एवढ्या आडनावांत गावंच्या गावं बसतात. त्यात नावंही तीच ती. आजोबांचं नाव नातवाला, नातवाचं पुन्हा त्याच्या नातवाला. त्यामुळे घराण्याचा शोध घ्यायचा तर माणसाच्या मागे लागण्याआधी गाव पक्कं करावं लागतं, गावातला पाडा, आणि शक्य असेल तर शेत. हे मला शिकवलं ते पणजीच्या शोधानं.

आमचं मूळ गाव वहाळ, तालुका पनवेल. मी राहते घणसोलीत. भावकीतल्या एका काकांनी वंशावळ छापायला घेतली आणि तिचा कच्चा मसुदा तपासायला माझ्याकडे पाठवला. पाच पिढ्या नीट मांडलेल्या, पण सगळे बापये. पणजोबांच्या चौकटीशेजारी पणजीची चौकट होती, ती रिकामी. काकांना फोन केला तर म्हणाले, "नाव कुणालाच माहीत नाही गं. मोठ्या माणसांची नावं घेत नसत तेव्हा." मग ऐंशी पार केलेल्या थोरल्या काकींकडे गेले. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पणजी घरात होती. काकींनी तिला पाहिलंय, तिच्या हाताखाली भात कांडलंय, पण नाव त्यांनाही ठाऊक नाही. "आमी तिला कोपरवालीच बोलाचो," एवढंच.

सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारायची ही रीत आपल्याकडे सगळीकडे होती. तळवलीवाली, नेरूळवाली, उरणकरीण. वंशावळीत बायकांची नावं नाहीत, पण घराघरांत अशी गावांची नावं शिल्लक आहेत. त्यामुळे माझ्यापुरता प्रश्न एवढाच उरला: हे कोपर कुठलं?

कारण कोपर काही एक नाही. डोंबिवलीच्या अलीकडचं कोपर रेल्वे स्टेशनामुळे सगळ्यांना माहीत. ठाण्यात पूर्वेला कोपरी. वाशीच्या बाजारसमितीजवळ आणखी एक कोपरी. आणि पनवेल तालुक्यातलं कोपर, जे आता नवी मुंबई विमानतळात गेलं. या भागात हा घोळ पदोपदी आहे. ओवळे घोडबंदर रोडला आहे आणि पनवेललाही होतं. चिंचपाडा ऐरोली-दिघ्याकडे आहे, तसाच तो पनवेलकडेही होता. दिवा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जंक्शन येतं, पण ऐरोलीच्या कुशीतलं दिवा गाव वेगळं. गणेशपुरी म्हणजे वज्रेश्वरीजवळची, असं आपण धरून चालतो, पण उलव्याच्या शेजारी एक गणेशपुरी होती. जुन्या कागदात नुसतं गावाचं नाव दिसलं आणि आपण ओळखीच्या गावावर बोट ठेवलं, की पुढचा सगळा शोध भलत्याच घराण्याचा होतो. म्हणून गावाबरोबर तालुका लिहून घ्या, आणि तो कुठल्या सालचा तालुका आहे तेही.

तालुका आणि जिल्हा बदलतात हा मुद्दा इथे फार मोठा आहे. पनवेल 1883 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं, उरणही. त्या साली ते कुलाबा जिल्ह्यात गेलं, आणि 1981 साली कुलाब्याचं नाव रायगड झालं. म्हणजे पनवेलच्या माणसाला आपल्या गावाची ब्रिटिश काळातली माहिती हवी असेल तर त्यानं कुलाब्याचं नव्हे, ठाण्याचं गॅझेटियर उघडायला हवं. 1882 साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे तेरावा आणि चौदावा हे खंड ठाणे जिल्ह्याचे आहेत. चौदाव्यात गावांची आणि ठिकाणांची माहिती अकारविल्हे दिलेली आहे. पनवेल त्यात आहे. इंग्रजी जुनं आहे, गावांच्या नावांची स्पेलिंगं चमत्कारिक वाटतात. ठाण्याचंच जुनं स्पेलिंग टी-ए-डबल एन-ए-एच असं सापडतं, कल्याण सी-ए-डबल एलनं सुरू होतं. त्यामुळे संगणकावर शोधताना आजचं स्पेलिंग टाकून काही आलं नाही तर नाव मोठ्यानं उच्चारून बघा, साहेबाच्या कानाला ते कसं ऐकू आलं असेल याचा अंदाज घ्या आणि दोन-चार रूपं टाकून पाहा.

आता नकाशे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे अक्षांश-रेखांशाच्या चौकटींत कापलेले असतात आणि प्रत्येक चौकटीला क्रमांक असतो. आपला भाग सत्तेचाळीस क्रमांकाच्या मोठ्या चौकटीत येतो. ठाणे शहर आणि ऐरोली 47 ए/16 वर, बेलापूर-नेरूळ 47 ई/4 वर, पनवेल-उलवे 47 एफ/1 वर. मुंबई बेटाचा बराचसा भाग 47 बी/13 वर. हे चारही नकाशे जिथे एकमेकांना भिडतात तो बिंदू, 19 अंश उत्तर आणि 73 अंश पूर्व, करावे गावाच्या दक्षिणेला खाडीत पडतो. नवी मुंबईतल्या माणसाला त्यामुळे एका नकाशावर कधीच काम भागत नाही. आजोळ एका कागदावर आणि गाव दुसऱ्या कागदावर. चारही समोर पसरले तरच पूर्वीच्या माणसांचं येणंजाणं कळतं.

किनारपट्टीचे हे नकाशे कित्येक वर्षं सर्वसामान्यांच्या हाती पडत नसत. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर खुल्या वापराचे वेगळे नकाशे निघू लागले. पण आपल्याला हवे असतात ते जुने, नवी मुंबई वसवणारी सिडको येण्याच्या आधीचे. त्यांच्या प्रती परदेशी विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी स्कॅन करून ठेवल्या आहेत. एक इंचाला एक मैल या प्रमाणातला नकाशा मिळाला तर तोच घ्या. त्याच्यावर वाडी दिसते, विहीर दिसते, देऊळ दिसतं, खाजणातले बांध दिसतात, मिठागरांच्या चौकटी दिसतात.

मी 47 एफ/1 उघडला तो काकींचं एक वाक्य मनात धरून. पणजी माहेरी कशी जायची असं विचारलं होतं, तर त्या म्हणाल्या, "चालतच जाची. टेकाड आला का कोपर आला." होडी? "होडी कशाला लागल?"

या दोन वाक्यांत अर्धं उत्तर होतं. वहाळहून वाशीच्या कोपरीला किंवा ठाण्याच्या कोपरीला जायचं तर पनवेलची खाडी आडवी येते. पूल नव्हते तेव्हा होडी चुकत नव्हती. डोंबिवलीचं कोपर चालत जाऊन येण्याच्या अंतरावर नाही. राहिलं पनवेलचं कोपर. पण तिथे टेकाड कुठलं? आजच्या नकाशात, उपग्रहाच्या चित्रात, तो सगळा प्रदेश पाटासारखा सपाट आहे. धावपट्टीच ती. काकींची आठवण वयामुळे इकडची तिकडे झाली असेल, असं घरातले म्हणू लागले.

जुन्या नकाशावर उलव्यापाशी तपकिरी रेषांचे वेढे आहेत, एकात एक, मध्याकडे दाटत गेलेले. टेकडी आहे. विमानतळासाठी सपाट केलेली उलव्याची टेकडी हीच, साधारण 90 मीटर उंचीची. तिच्या आसपास तरघर, कोंबडभुजे, उलवे, कोपर ही नावं बारीक अक्षरांत बसलेली आहेत. उलवे नदीचं वळणही जुन्या जागी आहे, जे आता वळवलंय. काकींना टेकाड बरोबर आठवत होतं. जमिनीवरून ते गेलं, कागदावर राहिलं. वयस्क माणसं रस्त्याच्या खुणा सांगतात तेव्हा त्या आजच्या गुगलवर तपासून खोट्या ठरवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या काळचा नकाशा काढा आणि मग बोला.

विमानतळासाठी दहा गावठाणं हलली. लोक वडघर, करंजाडे, पुष्पकनगर या बाजूला गेले. त्याआधी 1970 साली सिडको आली तेव्हा ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतली 95 गावं नव्या शहराच्या आराखड्यात घेतली होती. त्याच्याही आधी ठाणे-बेलापूर पट्टीत एमआयडीसी आली, कुकशेतसारखं गाव मूळ जागेवरून उठून नेरूळला आलं. आजच्या कुकशेतमध्ये उभं राहून पूर्वजांच्या शेताचा अंदाज बांधता येणार नाही. हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात घडलंय. म्हणून हे काम आत्ता करायला हवं.

गाव ठरलं की पुढचा आधार म्हणजे जमिनीचे कागद. आज सातबारा काढला तर बहुतेक ठिकाणी कब्जेदार म्हणून सिडकोचं नाव दिसतं आणि माणूस हिरमुसतो. हिरमुसू नका. सातबाऱ्यावर वर्तुळात किंवा कंसात जे आकडे असतात ते फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक. एकेक फेरफार मागे मागे काढत जायचं. ठाणे जिल्ह्यातल्या गावांच्या बऱ्याच जुन्या नोंदी शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन केलेल्या मिळतात. नाही मिळाल्या तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल घ्यायची. आणि त्याआधी घरातलं कपाट उघडा. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या प्रत्येक घरात साडेबारा टक्क्यांची, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडकोकडून मिळणाऱ्या भूखंडाची, फाईल असते. तिच्यात भूसंपादनाच्या निवाड्याची प्रत असते, वारस दाखला असतो, जुन्या सातबाऱ्याची नक्कल असते. भूखंड मिळाला आणि फाईल बांधून ठेवली, असं घराघरांत झालंय. घराण्याच्या अभ्यासाला त्या फाईलइतकं तयार साधन दुसरं नाही.

एका तारखेकडे मात्र लक्ष ठेवा. कुळकायद्याप्रमाणे 1 एप्रिल 1957 या दिवशी दुसऱ्याची जमीन कसणारी कुळं त्या जमिनीची मालक मानली गेली. त्याआधीच्या कागदात आपल्या आजोबांचं नाव मालकाच्या रकान्यात सापडेलच असं नाही. ते कुळाच्या रकान्यात असतं आणि वर नाव असतं सावकाराचं किंवा खोताचं. मालकाचंच नाव शोधत बसलात तर आपल्याच शेताचा कागद हातातून सुटतो.

फेरफाराची भाषा एकदा कळली की ते वाचायला गोडी लागते. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवरा. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावापुढे हे दिसलं की बाकीचे भाऊ त्यात दडलेले आहेत असं समजायचं. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाचं: 'अ.पा.क.', अज्ञान पालनकर्ता. बाप लवकर गेला आणि मुलं लहान असली की जमीन मुलांच्या नावे लागे आणि पुढे पालनकर्ता म्हणून बहुतेक वेळा आईचं नाव येई. एरवी ज्या कागदात बाई कुठेच नसते, त्यात ती इथे नावानिशी उभी असते.

माझे पणजोबा तरुणपणी गेले होते. वहाळच्या जुन्या फेरफारात ती नोंद निघाली. खातेदार मयत, वारस मुलगा अज्ञान, 'अ.पा.क. आई चांगुणा'. शाई पुसट, अक्षर तलाठ्याचं, एका बाजूला कललेलं. मी ते नाव कितीदा वाचलं असेल. ज्या घरात तिनं जन्म काढला त्या घरातल्या लोकांनी न उच्चारलेलं नाव सरकारी कागदानं जपून ठेवलं होतं.

पण ती कोपरचीच का? नावानं ते सिद्ध होत नव्हतं. मग कोपरचे वारसाचे फेरफार पाहायला घेतले, 1956 नंतरचे. त्या साली हिंदू वारसा कायदा आला आणि बापाच्या वारसांत मुलींचीही नावं लागू लागली. त्याआधीच्या नोंदीत मुली शोधणं बहुतेक वायाच जातं. कोपरच्या एका फेरफारात मुलग्यांच्या खाली एक ओळ निघाली: मुलगी ठमी, पुढे 'भ्र.' आणि आमच्या पणजोबांचं नाव, 'रा. वहाळ'. माहेरी ठमी, सासरी चांगुणा. लग्नात नाव बदललेलं. माझी पणजी दोन कागदांत दोन नावांनी होती, आणि दोन्ही जोडले ते नवऱ्याच्या आणि गावाच्या नावानं. 'रा.' या एका अक्षरापुढे काय लिहिलंय ते कधीही चुकवू नका.

त्याच फेरफारात सर्व्हे नंबर होता. तो घेऊन गाव नकाशा मागवला. भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची नक्कल मिळते. जुन्या गाव नकाशाचं प्रमाण एक इंचाला वीस साखळ्या असं असतं. ही साखळी म्हणजे शंकू साखळी, 33 फूट लांब, सोळा आण्यांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज आपण प्लॉटच्या जाहिरातीत गुंठा वाचतो तो या साखळीतून आलेला आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 साली इंदापूरपासून सुरू केलेली मोजणीची पद्धत पुढे इलाखाभर गेली, आपल्या शिवारांचे नंबर त्याच परंपरेतले. नकाशात पणजीच्या माहेरचं शेत नखाएवढं आहे. एका अंगाला बांध, पलीकडे खाजण. ही जागा आता कुंपणाच्या आत आहे.

गावांच्या नावांचं मूळ काय, हे मला सतत विचारलं जातं. लोकांना गोष्ट हवी असते. अमका राजा आला, अमुक म्हणाला, म्हणून गावाचं नाव असं पडलं. अशा गोष्टी मी लिहून घेते, पण त्यांच्यावर घराणं उभं करत नाही. नावाची जुनी रूपं सालासकट मिळाली तर मूळ सांगता येतं. ठाण्याचं तसं सांगता येतं. शिलाहार राजा अरिकेसरीचा 1017 सालचा ताम्रपट ठाण्यात 1787 साली सापडला, आणि शिलाहारांच्या लेखांतलं श्रीस्थानक म्हणजे हेच शहर. त्याच लेखांत भोवतालच्या मुलखाला षट्षष्टी म्हटलंय, सहासष्ट गावांचा प्रदेश. त्याचं साष्टी झालं, पोर्तुगिजांनी त्याचं साल्सेत केलं. इथे प्रत्येक पायरीला कागद किंवा तांबं आहे.

लहान गावांना एवढं भाग्य नसतं, पण नावंच बरंच बोलतात. चिंचपाडा, चिंचवली, फणसपाडा, वडघर, करंजाडे, खैरणे: झाडं. खारघर, खारीगाव: खारी जमीन. कोलशेत, कुकशेत: शेत. तळवली, गोठिवली यांच्या शेवटी असलेल्या 'वली'चा संबंध अभ्यासक जुन्या 'पल्ली'शी, म्हणजे वस्तीशी जोडतात. घराण्याच्या शोधात याचा उपयोग असा, की 'पाडा' लागलेलं नाव बहुधा मोठ्या गावातून फुटलेल्या वस्तीचं असतं. पाड्याच्या कागदात पूर्वज सापडला नाही तर मूळ गावाच्या कागदात बघायचं.

सासर माझं बाळकुमचं, त्यामुळे ठाण्याचंही थोडं. शहरी भागात सातबाऱ्याऐवजी सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक पाहावं लागतं आणि त्याच्या मागची चौकशी नोंदवही मागायची. मोजणीच्या वेळी कोण काय हक्क सांगत होतं ते तिच्यात असतं. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांना आपापल्या चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही आहे. कुळं आणि गावं एकत्र पाहायची असतील तर इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 1924 साली छापलेली महिकावतीची बखर वाचा. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना 14, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचं जनरल रजिस्टर. नोंद मोडीत असेल तर घाबरू नका, मोडी वाचणारी माणसं ठाण्यात आहेत आणि शिकायलाही फार काळ लागत नाही.

शेवटी एक काम सांगते, त्याला कुठल्याच कार्यालयात जावं लागत नाही. घरातल्या वयस्क माणसांना शेतांची नावं विचारा. सर्व्हे नंबर सरकारनं दिला, पण शेताला घरचं नाव असायचं. आमच्याकडे काकींनी बसल्या बसल्या वडाखालचं, उघाडीवरचं, मोठी खार, देवाचं अशी नावं सांगितली. कुठलं कुणाच्या वाट्याला आलं, कुठलं कुणाच्या आजारपणात गहाण पडलं, तेही. ही नावं फेरफारात नाहीत, सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर नाहीत, गॅझेटियरात तर नाहीतच. मी गाव नकाशाची मोठी प्रत काढली, काकींसमोर धरली आणि त्या बोट ठेवतील तिथे पेन्सिलीनं लिहीत गेले. त्यांना नकाशा वाचता येत नाही. तरी विहीर आणि देऊळ कुठे आहे ते दाखवल्यावर बाकीचं शिवार त्यांनी स्वतःच लावलं. विमानतळात गेलेल्या दहा गावांतल्या माणसांनी हे या उन्हाळ्यात करावं, असं मला फार वाटतं.

काकांच्या वंशावळीत पणजीची चौकट भरली आहे: चांगुणा, माहेरचं नाव ठमी, कोपर, तालुका पनवेल. इतर चौकटींतल्या बायकांसाठीही आता माहेरच्या गावाचा रकाना घातलाय, आणि भावकीतल्या पोरी एकेक नाव शोधून पाठवताहेत. कोपरच्या त्याच फेरफारात पणजीच्या आईचंही नाव निघालं, पण तिचं गाव नाही. काकी म्हणतात ती गव्हाणकडची असावी. गव्हाणच्या गाव नकाशासाठी अर्ज केला आहे.